गर्भपिशवी काढल्यानंतर आतले टाके उसवून आतडं खाली येऊ शकतं का? आलंच तर काय करायचं?

येऊ शकतं, पण फार क्वचित. तुमच्या आईंची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली आहे आणि जेमतेम दोन महिने झाले आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पिशवी तोंडासकट काढली की योनीचं वरचं टोक उघडं पडतं. ते टाक्यांनी बंद करतात, त्याला आम्ही ‘व्हॉल्ट’ म्हणतो. तो उसवला की योनीतून थेट पोटात वाट होते. (पिशवीचं तोंड जागेवर ठेवलं असेल तर व्हॉल्ट शिवलेलाच नसतो. डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय ते आधी बघा.) पोट उघडून किंवा योनीमार्गे केलेल्या शस्त्रक्रियेत हे हजारात १ ते ३ जणींना होतं, दुर्बिणीत साधारण शंभरात एकीला. त्यातही प्रत्येकीचं आतडं खाली येत नाही.

दुर्बिणीत जास्त का? काप विजेच्या उपकरणाने घेतात, त्यात कड भाजते आणि भाजलेला भाग नीट भरून येत नाही. शिवाय पडद्यावर सगळं मोठं दिसतं. कडेपासून ३-४ मिलिमीटरवर घेतलेला टाकाही पुरेसा वाटतो, घ्यायला हवा सुमारे १ सेंटिमीटर आत. मधुमेह, धूम्रपान, स्टेरॉइड, आधी घेतलेलं रेडिएशन, व्हॉल्टपाशी साकळलेलं रक्त किंवा पू, यांनी धोका वाढतो. तरुण स्त्रियांमध्ये बहुधा लवकर आलेला शरीरसंबंध निमित्त ठरतो. पाळी गेलेल्या स्त्रीची योनी पातळ झालेली असते, तिथे जोराचा खोकला किंवा शौचाला कुंथणंही पुरतं, आणि तेही कधीकधी काही वर्षांनी. पोटावरच्या जखमा छान भरल्या यावरून आतलं काहीच कळत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत थोडा पिवळसर स्राव जाणं, त्यात दोऱ्याचा तुकडा पडणं नेहमीचं आहे. अचानक अंगावरून भळकन पाणी किंवा ताजं रक्त जाणं, ओटीपोटात कळ, खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी तपासणी हवी. लघवीचा वास येणारं पाणी सतत झिरपत असेल तर मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला छिद्र पडल्याची शंका घेतात. त्यावरही उपचार लागतात, पण मिनिटामिनिटाची घाई नसते.

गुलाबी, ओलसर, गुळगुळीत वेटोळं बाहेर दिसलं तर घाई खरी. बहुतेक वेळा ते लहान आतड्याचं शेवटचं टोक असतं. अरुंद भोकात अडकल्यावर आधी रक्त परत नेणाऱ्या शिरा दबतात, आतडं सुजतं, मग रक्त पोचणंही थांबतं आणि ते काळं पडू लागतं. म्हणून आईंना लगेच उताणं झोपवा, गुडघे वाकवून, कमरेखाली उशी देऊन. आतडं आत ढकलू नका; पातळ झालेली भिंत फाटू शकते. स्वच्छ सुती कापड किंवा गॉज कोमट सलाईनने भिजवून त्यावर ठेवा. सलाईन नसेल तर पिण्याचं स्वच्छ पाणी चालेल. वरून स्वच्छ प्लास्टिक घाला, म्हणजे कापड सुकणार नाही. कापूस वापरू नका, तंतू चिकटतात. तोंडाने पाण्याचा घोटही नको, भूल द्यावी लागणार आहे. अॅम्ब्युलन्समधून झोपवूनच न्या, आणि चोवीस तास शस्त्रक्रिया होते अशाच ठिकाणी न्या. आधी फोन करून शस्त्रक्रियेची तारीख, ‘व्हॉल्ट उघडून आतडं बाहेर आलंय’ हे वाक्य आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या सांगा.

तिथे सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू करून आतड्याचा रंग आणि हालचाल पाहतात. निरोगी असेल तर ते आत सारून, व्हॉल्टच्या मेलेल्या कडा छाटून, हळू विरघळणाऱ्या दोऱ्याने खालूनच पुन्हा शिवता येतं. रंग काळपट असेल, आतड्याला रक्त पुरवणारा पडदा फाटला असेल किंवा पोटात जंतुसंसर्ग पसरला असेल, तर पोटातून जावं लागतं. वेळ आली तर तेवढं आतडं कापून टोकं जोडतात.

सध्या एवढंच पाळा: खोकला आणि बद्धकोष्ठता अंगावर काढायची नाही, जड उचलायचं नाही. शरीरसंबंध ८ ते १२ आठवडे नको, आणि तो सुरू करण्याआधी डॉक्टरांनी व्हॉल्ट डोळ्यांनी पाहून ‘भरलाय’ असं सांगायला हवं.