पार्सल पोस्टाने पाठवू की कुरिअरने?

यावेळी वाचकांचे सगळ्यात जास्त प्रश्न ऑनलाइन विक्रीच्या पार्सलांचे आले, म्हणून बाकीचे पुढच्या अंकात. एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : मी आणि माझी जाऊ घरी मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, कोकम आगळ करून इन्स्टावर विकतो. मुंबई-पुण्याची पार्सलं खाजगी कुरिअरने जातात, काही त्रास नाही. पण आता भामरागड, अक्कलकुवा अशा ठिकाणाहून पण ऑर्डर यायला लागल्यात आणि कुरिअरवाला म्हणतो या पिनला सर्विस नाही. सासरे म्हणतात पोस्टाने टाक. पोचेल का? आणि आगळ घेतात का पोस्टात?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : सासऱ्यांचं ऐका. कुरिअर कंपनी एखाद्या पिनला सर्विस देते ती तिकडे रोज किती पार्सलं पडतात ते बघून, चार पार्सलांसाठी माणूस आणि गाडी ठेवणं तिला परवडत नाही. पोस्टाचं तसं नाही, देशात दीड लाखाच्या वर पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली दहातली नऊ खेड्यात, म्हणजे तुमचं पार्सल असो-नसो डाकसेवक त्या गावात आहेच. मात्र वेळेचं गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाका. पुणं दोन दिवसात म्हणून भामरागडही दोन दिवसात असं होणार नाही, आठवडा सांगा, लवकर पोचलं तर ते खूशच होतील. आणि सगळंच पोस्टावर हलवायची पण गरज नाही, शहरातलं चालतंय ते चालू दे.

आता खरा मुद्दा पत्त्याचा. इन्स्टावर लोक पत्ता कसा देतात बघा, नाव ‘क्वीन’ आणि खाली ‘शाळेजवळ, वडगाव’. आता महाराष्ट्रात वडगाव किती आहेत हो? शहरात फ्लॅट नंबर लागतो, खेड्यात त्याच्या जागी मु., पो., ता., जि. हे चारही लागतात, आणि मु. आणि पो. वेगळे असू शकतात हे शहरातल्या विक्रेत्यांच्या लक्षातच येत नाही. वाडीत पोस्ट नसेल तर तिचं टपाल शेजारच्या गावच्या शाखा पोस्टात येतं, आणि शाखा पोस्टाला स्वतःचा वेगळा पिन नसतो, ते ज्या मोठ्या पोस्टाला जोडलेलं त्याचाच पिन चालतो. म्हणजे एका पिनखाली बरीच गावं. पिन बरोबर आहे पण पोस्टाचं नाव नाही, तर पार्सल तालुक्यापर्यंत झटकन येतं आणि तिथे ‘अपुरा पत्ता’ म्हणून अडकतं.

(पिन आणलाच होता मुळात सारख्या नावाच्या गावांचा आणि वेगवेगळ्या लिपीतल्या पत्त्यांचा घोळ निस्तरायला, १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, शिवाय संस्कृत कवी! ४ ने सुरू होणारे पिन महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे, त्यामुळे पत्त्यात नागपूर लिहिलंय आणि पिन ५ ने सुरू होतोय तर पॅक करण्याआधीच गिऱ्हाइकाला विचारा.)

खेड्यातल्या पत्त्यावर घरच्या कर्त्या माणसाचं नाव पण मागून घ्या. नव्या सुनेचं नाव डाकसेवकाला माहीत नसेल, सासऱ्यांचं असतं. मोबाइल नंबर दोन, कारण एक रेंजमध्ये नसणारच.

आगळाचं असं, की द्रव पदार्थ न गळणाऱ्या बाटलीत सीलबंद करून, ती बाटली दुसऱ्या मजबूत डब्यात आणि मधे सगळं शोषून घेईल इतका कापूस किंवा भुसा असं दुहेरी पॅकिंग लागतं. तशी एक तयार बाटली घेऊन काउंटरवर दाखवून या, त्यांनी हो म्हटलं की मगच ऑर्डरी घ्या. ट्रक-बसमधून पोत्यांखाली दबून जाणार आहे हे धरूनच बांधायचं. काच नकोच. मसाल्याला दोन पिशव्या, आतली सील केलेली, नाहीतर आख्ख्या बॅगेला वास.

प्रश्न : कापडी बाहुल्या करते. वजन जेमतेम पाव किलो आणि कुरिअरने पैसे लावले पावणेदोन किलोच्या वर! हे काय? शिवाय यूट्यूबवर एकजण सांगतो स्पीड पोस्टने ४७ रुपयात देशात कुठेही पार्सल जातं. खरं का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : पैसे वजनाचे नाहीत, खोक्याने गाडीत अडवलेल्या जागेचे लावलेत. लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये आणि भागिले बहुतेक ठिकाणी ५०००. तुमचा खोका ३० × २० × १५ चा असेल तर ९००० भागिले ५०००, म्हणजे १.८ किलो, आणि हे आणि खरं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे. घरात पडलेल्या जुन्या खोक्यात बाहुली टाकून कागदाचे बोळे भरायचे हा आपला काटकसरी स्वभाव इथे महागात पडतो. बाहुलीला दबून चालत असेल तर जाड प्लॅस्टिकचं कुरिअर पाकीट वापरा, नसेल तर मापाचे खोके घाऊक आणा.

४७ चं म्हणाल तर अर्धं खरं आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर आले, त्यात ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक १९ रुपये आणि बाकी देशभर ४७, वर १८ टक्के जीएसटी. पण हे दर कागदपत्रांचे! बाहुली काही कागदपत्र नाही, पार्सलचा दर वेगळा, वजन आणि अंतरावर. व्हिडिओ बघून वेबसाइटवर ‘शिपिंग ४७’ लिहू नका, दर ऑर्डरीला पदरचे जातील.

प्रश्न : गिऱ्हाईक म्हणतं सीओडी (माल हातात आल्यावर पैसे) द्या तरच घेतो. दिलं की निम्मी पार्सलं परत. बंद करू का?
— एक साडीविक्रेता, इचलकरंजी

उत्तर : हे दुखणं सीओडीच्या आधीपासूनचं आहे. आपल्याकडे पोस्टाची व्हीपी, म्हणजे व्हॅल्यू पेएबल, १८७७ ला सुरू झाली, पार्सल पोस्टमनने न्यायचं, पैसे घ्यायचे, ते विकणाऱ्याला पोचवायचे, सीओडी दुसरं काय आहे? आणि तेव्हाही व्हीपी परत यायचीच. पोस्टाशी व्यवसायाचा करार केला तर पार्सलला सीओडी तिथेही मिळते, पण परतीचा भुर्दंड कुठेही गेलात तरी तुमचाच.

पूर्ण बंद नका करू, साडी न बघता आधी पैसे द्यायला लोक घाबरतात आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. येण्याजाण्याचा खर्च निघेल एवढे पैसे आधी यूपीआयवर घ्या, बाकी दारात. शंभर रुपये भरलेला माणूस सहसा पार्सल नाकारत नाही. पाठवण्याआधी एक फोन करा, मेसेज नाही, फोन. रात्री एक वाजता रील बघत केलेली ऑर्डर सकाळी फोनवर लगेच कळते. आणि एकदा परत पाठवलेले नंबर वहीत लिहून ठेवा, त्यांना यापुढे फक्त आगाऊ.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या वस्तूला ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, हातात काही नाही. त्यात आज मेसेज आला की पत्ता अपूर्ण आहे, १२ तासात लिंकवर दुरुस्त करून २५ रुपये भरा. भरू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही! लिंक उघडूच नका. पोस्टाच्या नावाने असे मेसेज फिरत असतात, सरकारच्या पीआयबीने (पत्र सूचना कार्यालय) ते बनावट असल्याचं सांगून झालंय. २५ रुपयांसाठी नसतं ते, कार्डाचा नंबर हवा असतो. शिवाय ‘डिलिव्हर्ड’ झालेल्या पार्सलचा पत्ता अपूर्ण कसा असेल?

आता पार्सल. आधी वॉचमन, शेजारी, खालचं दुकान विचारून घ्या, सोसायट्यांमध्ये बहुतेक वेळा तिथेच निघतं. नसेल तर त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवा, कारण पैसे तुम्ही त्याला दिलेत, तेव्हा शोधाशोध त्याने करायची. पार्सल कोणाकडून आलं ते नंबरावरून कळतं, स्पीड पोस्टचा नंबर १३ खुणांचा, पुढे दोन इंग्रजी अक्षरं (पहिलं ई), मधे नऊ आकडे, शेवटी आयएन. तसा असेल तर पोस्टाचा टोल फ्री १८०० २६६ ६८६८, आणि डिलिव्हरी करणाऱ्या पोस्ट ऑफिसात स्वतः जाऊन सही कोणाची ते विचारा, फोनपेक्षा लवकर काम होतं.

विकणाऱ्या वाचकांनी पण हे वाचावं. महाग माल असेल तर ओटीपीवाली डिलिव्हरी घ्या, ५ रुपये आणि जीएसटी एवढाच जास्तीचा खर्च. विमा काढा. विमा नसला तर हरवलेल्या पार्सलची भरपाई टपालखर्चाच्या हिशोबाने मिळते, मालाच्या किमतीची नाही, पाच हजारांची पैठणी असली तरी. बुकिंगच्या पावतीचा त्याच दिवशी फोटो काढा, कारण त्या कागदावरची शाई उडते आणि तक्रार करायची वेळ येते तेव्हा नंबरच वाचता येत नाही.