घरी गाणी रेकॉर्ड करायला पोर्टेबल मल्टिट्रॅक रेकॉर्डर कोणता घ्यावा: ८ ट्रॅकचा की २४ ट्रॅकचा?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही गिटार वाजवत गाता, अधूनमधून मित्र तबल्याला बसतो, कॉम्प्युटरसमोर बसून गाणं करायचा कंटाळा आहे आणि गाडी ८ की २४ ट्रॅक यावर अडकली आहे. ट्रॅक म्हणजे एकेका वाद्याचा किंवा आवाजाचा वेगळा साठवलेला थर. त्याचा आकडा जरा बाजूला ठेवा. खोक्यावर तोच सगळ्यात मोठा छापतात म्हणून नजर तिकडे जाते. विचारायचं ते हे, की एका वेळी किती ट्रॅकवर रेकॉर्डिंग होतं?

टॅस्कॅमचा डीपी-००८ईएक्स ८ ट्रॅकचा आहे, पण एका दमात त्यात दोनच ट्रॅक भरता येतात. बाकीचे नंतर, आधीचं ऐकत ऐकत, एकावर एक चढवायचे. झूमच्या आर१६ मध्ये १६ ट्रॅक आणि एका वेळी ८. टॅस्कॅमच्याच डीपी-२४एसडीमध्ये २४ ट्रॅक, आणि एका वेळी पुन्हा ८च. दोन माणसांच्या गाण्याला २४ ट्रॅक लागायचे म्हणजे कोरस तरी हवा, नाहीतर एकाच गिटारचे सहा थर द्यायची हौस तरी.

आता तुमच्या बाबतीत सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबतं: मित्र क्लिकवर वाजवायला तयार आहे का? हेडफोनमध्ये मेट्रोनोम टकटकतोय आणि त्यावर आधी गिटार, मग तबला, मग आवाज, असं एकेक करून गाणं रचणार असाल, तर दोन इनपुटचं छोटं यंत्र तुम्हाला वर्षानुवर्षं पुरेल. पण अंतऱ्यातून मुखड्यावर येताना लय जराशी सैल सोडायची, त्याने तिहाई घेतली की तुम्ही थांबायचं, एकमेकांच्या तोंडाकडे बघत सम गाठायची, असं वाजवत असाल, तर ते सुटं सुटं रेकॉर्ड करून जमत नाही. क्लिकवर केलेला तबला बरोबर असतो, पण गाण्यासोबत असतोच असं नाही. तेव्हा एकत्र बसा. मग हिशेब सोपा आहे: आवाजाला एक, गिटारला एक, दायाँला एक, डग्ग्याला एक. चार इनपुट. दोनवाली सगळी यंत्रं इथेच बाद होतात.

(तबल्याला वरून, साधारण दीड फुटावरून, एकच माइक लावूनही चांगलं काम होतं. तरी डग्ग्याचा घुमारा नंतर कमी-जास्त करता यावा म्हणून मी दोन माइक लावण्याच्या बाजूचा. डग्ग्याच्या फार जवळ माइक नेऊ नका, कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरूनच ऐकणारा, माइक जवळ गेला की खर्ज फुगवतो आणि मींडेचा नुसता गुबगुबाट होतो.)

एकत्र वाजवण्याची किंमत मोजावी लागते, ती आधीच सांगतो. प्रत्येक माइकमध्ये थोडं थोडं सगळंच शिरतं. समजा गाण्याची दुसरी ओळ बेसूर गेली. तुम्ही पंच-इन करून, म्हणजे चालू गाण्यात नेमक्या त्या जागी रेकॉर्डिंग सुरू करून, फक्त आवाजाच्या ट्रॅकवर ती ओळ नव्याने गायलात. पण गिटारपुढच्या माइकमध्ये जुनी बेसूर ओळ हळू आवाजात तशीच पडून असते. मिक्समध्ये नव्या ओळीच्या मागे ती भुतासारखी ऐकू येते आणि कुठलाही इक्वलायझर ती काढू शकत नाही. उपाय आहे. गिटारला पिकअप असेल तर माइकऐवजी थेट तार जोडा, त्या ट्रॅकवर आवाज जवळजवळ येतच नाही. त्यासाठी यंत्रात हाय-झी इनपुट (गिटार थेट जोडायचा खास जॅक) हवा, नाहीतर पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपचा आवाज मुका आणि किरटा येतो. पिकअपमध्ये प्रीअँप (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) असेल तर साध्या लाइन इनपुटवरही भागतं. तबला मात्र समोर घ्या. कार्डिऑइड माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून तुमच्या माइकची पाठ तबल्याकडे आणि तबल्याच्या माइकांची पाठ तुमच्याकडे.

यंत्र निवडताना लोक इनपुट मोजतात आणि फँटम पॉवर मोजायची विसरतात. कंडेन्सर प्रकारच्या, जास्त संवेदनशील माइकला ४८ व्होल्ट लागतात आणि ते यंत्र माइकच्या तारेतूनच पुरवतं, तेच फँटम. आर१६ ला आठ जॅक आहेत, पण फँटम त्यातल्या ५ आणि ६ या दोनच इनपुटना मिळतं, आणि हाय-झी फक्त पहिल्याला. तुमच्याकडे चार कंडेन्सर असतील तर आठ जॅक असूनही अडचण होणार. डायनॅमिक माइक असतील (त्यांना फँटम लागत नाही) तर प्रश्नच नाही. आवाज आणि तबल्यावरचा एक माइक कंडेन्सर, बाकी डायनॅमिक, असंही बसवता येतं. माइक आधी ठरवा, यंत्र नंतर.

झूमच्या एच६ सारखे हातात मावणारे रेकॉर्डरही लोक सुचवतील. त्याला चार माइक इनपुट आहेत, चारही फँटमसकट, वर स्वतःचे दोन माइक, म्हणजे एका वेळी सहा ट्रॅक. रेकॉर्डिंग उत्तम होतं. पण त्याला फेडर, म्हणजे ट्रॅकचा आवाज वर-खाली करायच्या सरकपट्ट्या, नाहीत. मिक्सिंग धड करायचं तर शेवटी कॉम्प्युटर उघडावा लागतो, आणि नेमका तोच तुम्हाला नको आहे. तुमच्यासारख्याला प्रत्येक ट्रॅकला वेगळा फेडर, निदान वेगळा नॉब, असलेलं यंत्र हवं. तबला जरा खाली, आवाज जरा वर, एवढं बोटाने करता आलं की माणूस गाणं ऐकतो. छोट्या पडद्यावर मेनूतून मेनूत शिरत तेच करायला लागलं की तो यंत्र ऐकायला लागतो.

बाउन्सबद्दल वाचलं असेल. म्हणजे तीन-चार ट्रॅक एकत्र करून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि बाकीचे मोकळे करायचे. १९७९ मध्ये टॅस्कॅमने पोर्टास्टुडिओ १४४ काढला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक. तेव्हापासून घरी रेकॉर्डिंग करणारे हेच करत आले. त्या काळी प्रत्येक बाउन्सला टेपची सळसळ वाढायची. आता आवाज खराब होत नाही, पण एकदा एकत्र केलेल्यातला तबला नंतर वेगळा वर-खाली करता येत नाही. झूमच्या आर४ मध्ये चार ट्रॅक आहेत आणि बाउन्ससाठी वेगळा ट्रॅक दिला आहे, त्यामुळे मूळ चार पुसले जात नाहीत. एकट्याने थर चढवणाऱ्यांसाठी तो छान आहे. तुम्हाला मात्र त्याचे दोनच इनपुट कमी पडतील.

त्याच आर४ मध्ये ३२-बिट फ्लोट आहे, ज्याची हल्ली फार चर्चा असते. लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येते, हे खरं. पण घरी शांतपणे बसून रेकॉर्ड करणाऱ्याला निव्वळ त्यासाठी यंत्र बदलावं असं मला वाटत नाही. २४-बिटवर ठेवा, गाण्यातली सगळ्यात जोराची ओळ गाऊन बघा, मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन लावा, पुरे. २४-बिट, ४४.१ किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८ एमबी खातो. पाच मिनिटांचं चार ट्रॅकचं गाणं म्हणजे १६० एमबी. कार्डाची चिंता सोडा.

एक बारकावा मात्र विकत घेण्याआधी मॅन्युअलमध्ये बघा (मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं). टॅस्कॅमच्या डीपी मालिकेत कार्डाचे दोन भाग असतात. गाणी एका भागात राहतात, तो कॉम्प्युटरला दिसत नाही. वेव्ह फाइल दुसऱ्या भागात एक्स्पोर्ट करावी लागते, मगच ती कॉपी होते. शिवाय या यंत्रांचा यूएसबी फक्त फाइल न्यायला-आणायला आहे. आर१६ ऑडिओ इंटरफेस म्हणूनही चालतो, म्हणजे माइकचा आवाज थेट कॉम्प्युटरमध्ये नेतो. आज कंटाळा आहे म्हणता, पण कधी एखादं गाणं कुणाकडून मिक्स करून घ्यावंसं वाटलं तर हे कामी येईल.

तुमच्या जागी मी असतो तर: मित्र क्लिकला तयार असेल तर डीपी-००८ईएक्स. नसेल आणि घरात विजेचा प्लग हाताशी असेल तर डीपी-२४एसडी, कारण मिक्सिंग तिथल्या तिथे आरामात होतं. यंत्र उचलून मित्राकडे न्यायचं असेल तर आर१६. तो बॅटरीवर चालतो आणि आता जुना झाल्यामुळे वापरलेला मिळू शकतो. वापरलेला घेताना सगळे फेडर वर-खाली करून कुठे खरखर येते का ते ऐका, प्रत्येक इनपुटला माइक लावून बघा, आणि फँटम चालू करून कंडेन्सर खरंच बोलतो का तेही.

यंत्रासोबत दोन बंद कानांचे हेडफोन आणि एक हेडफोन स्प्लिटर घ्या. उघड्या पाठीच्या हेडफोनमधली क्लिक आवाजाच्या माइकमध्ये शिरते आणि नेमकी गाण्याच्या शांत जागी ऐकू येते.