हार्ट फेल्युअर असलेल्या वडिलांचा बीपी चालल्यावर वाढतो. फिरणं बंद करावं का?

तुम्ही लिहिलंय, वडील ६६ वर्षांचे, दोन वर्षांपासून हार्ट फेल्युअर (हृदय कमकुवत होणं), ई.एफ. ३०, म्हणजे हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात आतल्या रक्तापैकी ३० टक्केच बाहेर ढकलतो. बसल्या जागी वरचा बीपी १०८ असतो आणि सोसायटीत वीस मिनिटं फिरून आले की १२६ येतो. ते बघून आईने त्यांचं फिरणं थांबवलं. आईची काळजी अगदी खरी आहे, पण त्या १२६ला घाबरू नका. मला तर तो आकडा वाचून बरं वाटलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बरीच वर्षं हृदयाच्या रुग्णांचा व्यायाम घेते. हार्ट फेल्युअरचा रुग्ण ट्रेडमिलवर असताना त्याचा बीपी किती चढला, याची मला फारशी धास्ती नसते. चढायचा थांबला का, उतरायला लागला का, याकडे माझं लक्ष असतं.

चालताना स्नायूंना जास्त रक्त लागतं, म्हणून हृदय जास्त रक्त ढकलतं आणि वरचा बीपी वाढतो. खालचा जवळपास तिथेच राहतो किंवा किंचित उतरतो. धडधाकट माणसाचा १२०चा बीपी दमवणाऱ्या व्यायामात १६०-१८०पर्यंत सहज जातो. कमकुवत हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त फेकणं जमत नाही. त्यात बीटा ब्लॉकरची गोळी असेल तर ठोकेही फार वाढत नाहीत. म्हणून या रुग्णांचा बीपी चढतो तो थोडाच. प्रेशर टिकवायला शरीर रक्तवाहिन्या आवळून धरतं, मग पायांच्या स्नायूंना रक्त कमी पडतं. ‘धाप लागायच्या आधी पायच भरून येतात’ असं वडील म्हणत असतील, तर त्याचं एक कारण हे आहे.

म्हणजे १०८चा १२६ झाला, याचा अर्थ वडिलांचं हृदय मागणीला उत्तर देतंय. फक्त एक लक्षात घ्या, घरी येऊन, बसून, पट्टा बांधेपर्यंत बीपी बराच खाली आलेला असतो. चालतानाचा खरा आकडा त्याहून जास्तच असणार, आणि त्यातही काही वावगं नाही.

काळजीचं चित्र कसं असतं ते सांगते. एका काकांचा सुरुवातीचा बीपी १०४ होता. सहा मिनिटांनी ११४. मी वेग जरासा वाढवला आणि पुढचं रीडिंग आलं ९६. मी विचारलं, “काका, कसं वाटतंय?” एरवी नातवाच्या गोष्टी सांगणारे काका नुसतं “ठीक” म्हणाले. हात धरला तर गार आणि ओलसर. वेग हळूहळू कमी करून त्यांना खुर्चीत बसवलं, पाय वर घेतले आणि डॉक्टरांना बोलावलं. जोर वाढवल्यावर वरचा बीपी दहाहून जास्त उतरला, किंवा बसल्या जागीच्या आकड्याच्याही खाली गेला, तर व्यायाम तिथेच थांबवायचा, हा आमचा पक्का नियम. हृदयाची ताकद तिथे संपत असू शकते, हृदयाला रक्त कमी पडत असू शकतं, नाहीतर औषधांचा परिणाम असू शकतो.

काकांच्या बाबतीत औषधांची वेळ हे एक कारण निघालं. बीपीवर परिणाम करणाऱ्या सगळ्या गोळ्या आणि लघवीची गोळी ते सकाळी एकदम घ्यायचे आणि तासाभरात आमच्याकडे यायचे. डॉक्टरांनी वेळा विभागून दिल्या. वडिलांच्या गोळ्या कधी आणि फिरणं कधी, हे एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने गोळी पुढे ढकलू नका, बंद तर मुळीच करू नका.

फिरून येताना शेवटची पाच मिनिटं रमतगमत चालायला सांगा. गप्पकन थांबलं की रक्त पायांत साचतं, बीपी पडतो आणि डोळ्यांसमोर अंधारी येते. आल्या आल्या कढत पाण्याने अंघोळ नको, तेही याच कारणासाठी. आणि पाण्याची भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, श्वास रोखून उचलायची कुठलीही वस्तू त्यांच्यापासून लांब ठेवा. हे मी फार पोटतिडकीने सांगतेय, कारण चालायला घाबरणारी माणसं बादल्या मात्र बिनधास्त उचलतात. श्वास रोखून ओझं उचललं की वरचा आणि खालचा दोन्ही बीपी झटकन चढतात आणि दमलेल्या हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं.

किती जोरात चालायचं हे नाडीवरून ठरवू नका, बीटा ब्लॉकरमुळे तो हिशेब चुकतो. चालताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. तुम्ही आठवडाभर सोबत चाला आणि गप्पा मारा. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी.

व्यायाम सोसेल का, ही शंका डॉक्टरांनाही होतीच. पूर्वी अशा रुग्णांना सक्तीची विश्रांती द्यायचे. २००९ साली एचएफ-अ‍ॅक्शन या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ई.एफ. ३५ किंवा त्याहून कमी असलेले, प्रकृती स्थिर असलेले २,३३१ रुग्ण होते. मृत्यू आणि अ‍ॅडमिशन टळण्यातला फायदा माफकच दिसला, पण व्यायाम सुरक्षित ठरला आणि रुग्णांचं रोजचं जगणं थोडं सुधारलं.

ज्या दिवशी आराम करताना धाप लागतेय, पायांची सूज वाढलीय, किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलंय, त्या दिवशी फिरणं नाही, डॉक्टरांना फोन. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडले, तर थेट हॉस्पिटल. बाकी दिवशी, डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर, आधी दहा मिनिटांपासून सुरू करा. निघण्यापूर्वी आणि परत येऊन पाच मिनिटं बसल्यावर बीपी वहीत लिहा. आईलाच लिहायला सांगा. आठवड्याभराचे आकडे त्यांच्याच अक्षरात समोर असले की त्यांची भीतीही कमी होईल.