बाबांना मिठी कशी मारू?

"मॅडम, मी जवळ गेले की बाबा पाठीवर दोन थापा मारतात आणि विचारतात, 'जेवलीस का?' झालं. तेवढंच."

नागपूरची तिशीतली शिक्षिका (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत). आई जाऊन आठ महिने झालेले. घरात बाप-लेक दोघंच. सकाळची बुद्धवंदना सोबत म्हणायचे, पण आईचं नाव कोणीच काढत नव्हतं. "आमच्याकडे मिठी मारायची पद्धतच नाही. आता एकदम सुरू केलं तर नाटकी वाटेल ना?"

हा प्रश्न मला फार जण विचारतात. तिला मी तिक न्यात हान यांची हकिकत सांगितली. ते व्हिएतनामचे झेन भिक्खू. १९६६ साली अमेरिकेत अटलांटाच्या विमानतळावर सोडायला आलेल्या एका बाईंनी त्यांना विचारलं, बौद्ध भिक्खूला मिठी मारली तर चालेल का? त्यांच्या देशात ही रीत नव्हती. ते हो म्हणाले, पण अंग ताठच राहिलं. त्या अवघडलेपणातून त्यांनी पुढे मिठीचं ध्यान तयार केलं. अवघडणाऱ्या माणसानेच घडवलेली साधना आहे ही, म्हणून मला ती जवळची वाटते.

आधी समोरासमोर उभं राहून हात जोडायचे. समोरच्याची तयारी नसेल तर नमस्कारावरच थांबायचं. ओढूनताणून जवळ घ्यायचं नाही. मारहाण किंवा धाक असलेल्या घरात तर मी हे सुचवतच नाही. मग मिठीत तीन श्वास. पहिल्याला मी इथे आहे, दुसऱ्याला तुम्ही इथे आहात, तिसऱ्याला आपण दोघं आत्ता सोबत आहोत. पाठ थोपटायची नाही. थोपटणारा हात बरेचदा आपलीच घाई सांगत असतो. शेवटी पुन्हा नमस्कार.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आईच्या वेळी 'अनिच्चा वत संखारा', म्हणजे घडलेलं सगळं अनित्य आहे, असं म्हटलं, तेव्हा नुसते शब्द होते. बाबाही कायम नाहीत, हे आत्ता कळतंय."

पहिल्या रविवारी तिने वंदनेनंतर विचारलं, "बाबा, तीन श्वास थांबाल?" बाबांनी एकाच श्वासात हात सोडले आणि ते गॅलरीत गेले. ती रडतच माझ्याकडे आली. मी म्हटलं, एक श्वास थांबले की गं ते. तू पुढच्या रविवारी फक्त विचार.

चौथ्या रविवारी बाबांचा हात थाप मारायला उचलला गेला आणि तिच्या पाठीवर तसाच टेकून राहिला. त्यांचा श्वास अडखळत होता, तिला छातीशी जाणवत होता. सुटल्यावर त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "तुझी आई वरणाला फोडणी कशाची द्यायची गं?"