कडुलिंबावरचा लाल डोळ्यांचा पाहुणा

प्रश्न : नमस्कार ताई, घोडबंदर रोडला आमची जुनी सोसायटी आहे, तळमजल्याचा फ्लॅट, मागे बाग. बाग म्हणजे काय तर एक कडुलिंब, दोन जास्वंदी, एक शेवगा आणि मी पक्ष्यांना ठेवते ते पाण्याचं भांडं. पाडव्याला सकाळी गुढीसाठी डहाळी तोडायला गेले तर सगळं चिडीचूप, ना बुलबुल ना चिमण्या, नुसती एक खार एका सुरात चिरचिर करत होती ती थांबतच नव्हती. वर बघते तर अगदी हाताच्या अंतरावर कबुतराएवढा पक्षी, पाठ राखाडी, पोटावर आडव्या विटकरी रेघा, डोळे लालभडक आणि पंजात सरडा. माझ्या हातातली कात्रीच पडली. तो काही हलला नाही हो, उलट माझ्याकडेच रोखून बघत बसला, शेवटी मीच गुपचूप आत आले आणि डहाळी शेजारच्यांकडून मागून आणली. आता दोन-तीन दिवसांआड येतो. आमचे हे म्हणतात पावशा आहे, वॉचमन म्हणतो ससाणा, सासूबाई म्हणतात गरुडाचं पिल्लू. जास्वंदीत बुलबुलने घरटं केलंय, तीन अंडी आहेत. याला हाकलू का? भारद्वाज पण येतो आमच्याकडे रोज, त्याचं दर्शन तर शुभ असतं, मग हे मध्येच काय आलं?

उत्तर : काकू, तुम्ही वर्णन इतकं छान केलंय की फोटोची गरजच नाही. हा शिक्रा. आणि डोळे लालभडक म्हणताय म्हणजे नर, मादीचे डोळे जास्त करून पिवळे-नारिंगी असतात आणि ती नरापेक्षा मोठी असते, शिकारी पक्ष्यांत बहुतेक असाच उलटा कारभार. पिल्लू वगैरे काही नाही, पूर्ण वाढलेला आहे. शिक्र्याच्या पिल्लाच्या छातीवर उभे तपकिरी फराटे असतात, आडव्या रेघा मोठेपणी येतात. सासूबाईंना सांगा, गरुड केवढा आणि हा केवढा, कावळ्यापेक्षाही लहान असतो हा. पण अंगात जिगर अशी की पूर्वी शिकारीसाठी पक्षी पाळणारे लोक शिक्रा आवडीने बाळगायचे, आणि कुलाब्याला नेव्हीचा हेलिकॉप्टरचा तळ आहे त्याचं नावच आयएनएस शिक्रा आहे.

वॉचमन फार चुकला नाही, आपल्याकडे झडप घालणाऱ्या कुठल्याही पक्ष्याला ससाणा म्हणून टाकतात. काकांचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका, कारण पावशा खरंच शिक्र्यासारखा दिसतो. तोच तो, 'पेरते व्हा' म्हणून पावसाआधी ओरडून डोकं उठवणारा. रंग तसा, शेपटीचे पट्टे तसे, उडणं तसं, फांदीवर येऊन बसायची ढब पण तीच. पावशा स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो, आणि हे शिकाऱ्याचं सोंग त्याला तिथे कामाला येतं असं मानतात. ओळखायचं कसं तर चोच बघायची. पावशाची सरळसोट, शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी वळलेली. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळी कड असते. आणि पंजात सरडा धरून तुमच्याकडे डोळे वटारणारा पावशा अजून जन्माला यायचाय, तो बिचारा सुरवंट खाणारा.

येऊरचं जंगल मागेच आहे म्हणून वाट चुकून आला असेल असं समजू नका. शिक्रा शहरात आरामात राहतो, त्याला चार दाट झाडं आणि खाली सरडे-उंदीर असले की झालं. घारीसारखा तासन्‌तास आभाळात घिरट्या घालणं हा त्याचा धंदा नाही, हा पानाआड गुपचूप बसतो आणि अचानक सुटतो. पंख आखूड आणि शेपटी लांब, त्यामुळे फांद्यांमधून गाडी कट मारत काढावी तसा निघतो. म्हणूनच तो आला की बाग गप्प होते. बसलेले पक्षी जागच्या जागी थिजतात, एखादा बारीक उंच आवाज काढतो पण तो कुठून आला ते पटकन कळत नाही, शिकाऱ्यालाही कळत नाही, तोच तर फायदा. खार मात्र बोंब मारते. मी घरात असले तरी ती लागोपाठ चिरचिर ऐकली की हातातलं काम टाकून खिडकीत जाते, कधी मांजर निघतं, कधी हा.

आता बुलबुल. मला माहीत आहे खरा प्रश्न हाच आहे. हाकलू नका काकू. शिक्रा लहान पक्षी मारतो, पिल्लंही उचलतो, खोटं कशाला सांगू. पण घरट्यातली अंडी शोधत झुडपातून फिरणारा तो नव्हे, ते काम तुमच्या भारद्वाजाचं! हो, तोच शुभदर्शनवाला. झुडपांत खालून वर चालत जातो, घरटं सापडलं की अंडी-पिल्लं सगळं साफ. कावळे आहेत, मांजर आहे. यादी केली तर शिक्रा खाली कुठेतरी येईल. म्हणजे ज्याला बघून तुम्ही हात जोडता तो चोर आणि ज्याला बघून कात्री पडली तो बापडा सरडा खाऊन गेला. (भारद्वाजालाही हाकलू नका म्हणजे झालं, तोही पोटासाठीच करतो.) बुलबुलचं सगळं महिन्याभरात उरकतं, हे छापून येईपर्यंत पिल्लं उडाली असतील किंवा बुलबुलांनी दुसरीकडे नवीन घरटं मांडलं असेल. तुम्ही एवढंच करा, जास्वंदीपाशी सारखं डोकावू नका, कावळे आपल्यावर नजर ठेवून असतात. आणि पाण्याचं भांडं झुडपापासून थोडं दूर ठेवा, मांजराला दबा धरता येणार नाही इतकं लांब आणि शिक्रा आलाच तर चिमणीला झुडपात शिरता येईल इतकं जवळ.

कधी झाडाखाली पिसांचा सडा दिसला तर एक पीस उचलून देठ बघा. देठ शाबूत असेल तर ओढून उपटलंय, म्हणजे शिकारी पक्षी. कुरतडल्यासारखं तुटलं असेल तर मांजर. नाहीतर उगाच आळ येतो याच्यावर.

हे दिवस शिक्र्यांच्या विणीचे आहेत. नर-मादी दोघं काड्या नेताना दिसली तर वर कावळ्याच्या घरट्यासारखंच घरटं शोधा, आणि सेक्रेटरींना आत्ताच सांगून ठेवा, पावसाळ्याआधी फांद्या छाटायला माणसं येतात तेव्हा ते झाड सोडायला सांगा.

प्रश्न : नेरुळला आठव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत लव्हबर्ड्सचा पिंजरा आहे, काल असाच एक पक्षी पिंजऱ्यावर आदळला, एक लव्हबर्ड जखमी झाला. काय करू?

उत्तर : आधी जखमी पक्षी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या, मग पिंजरा आत घ्या. शिक्र्याला जाळी कळत नाही, त्याला आत फडफडणारं खाणं दिसतं आणि पक्षी घाबरून जाळीला चिकटले की तो बाहेरूनच पंजा घालतो. बाहेर ठेवायचाच असेल तर मागची बाजू आणि वरचा भाग कापडाने बंद करा आणि थोडं अंतर सोडून बाहेरून दुसरी बारीक जाळी लावा. शिक्राच काचेवर आपटून पडला तर त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी-दूध काही ओतू नका आणि वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करा. आणि पिंजऱ्यात लव्हबर्ड्सबरोबर आपला हिरवा पोपट नाही ना? तो पाळणं गुन्हा आहे.

प्रश्न : ऐरोलीत आमच्या टॉवरवर कबुतरांचा उच्छाद झालाय. शिक्रा पाळला तर? किंवा त्याचा आवाज स्पीकरवर लावला तर?

उत्तर : पाळता येणार नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. शिवाय धष्टपुष्ट कबुतर त्याच्यापेक्षा जड, तो सहसा त्याच्या नादाला लागत नाही. कबुतरांचा खरा वैरी बहिरी ससाणा, हिवाळ्यात उंच टॉवरवर कधी कधी दिसतो, पण त्याला बोलावणं धाडता येत नाही. स्पीकरला कबुतरं चार दिवसांत सरावतात. आवाज काढून फसवायचं काम कोतवाल पक्षी करतो, शिक्र्याची नक्कल करून साळुंक्यांना उडवतो, पण तो एकदा ओरडतो आणि किडा घेऊन पसार होतो, तुमच्यासारखा दिवसभर लूपवर लावत नाही. त्यापेक्षा तुमच्या विंगमध्ये दाणे कोण टाकतं ते शोधा. बहुतेक तुमच्याच मजल्यावर सापडेल.