पेशीची भित्तिका, पटल आणि आवरण

प्रश्न असा आहे: एका आरोग्यविषयक भाषांतरात ‘शुद्ध पाण्यात तांबड्या रक्तपेशीची भित्तिका फुटते’ असे वाक्य आहे. भित्तिका, पटल आणि आवरण हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

चालत नाहीत, आणि या वाक्यात तर मुळीच नाही. तांबडी रक्तपेशी पाण्यात फुटते ती तिला भित्तिका नसते म्हणूनच. परासरणाने, म्हणजे विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पटलातून पाणी जाण्याने, पाणी आत शिरते, पेशी फुगते, तो ताण पेलायला बाहेर काही नसते आणि पटल फाटते. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात तीच पेशी शाबूत राहते. कांद्याची पेशी मात्र साध्या पाण्यातही फुटत नाही, कारण पटलाबाहेरची सेल्युलोजची भित्तिका तो ताण अडवून धरते. तेव्हा वाक्य ‘रक्तपेशीचे पटल फाटते’ असे हवे.

‘भित्ति’ म्हणजे भिंत. वनस्पती, बुरशी आणि बहुतेक जीवाणू यांच्या पेशींना ती असते. बुरशीत तिच्यात कायटिन असते, जीवाणूंत पेप्टिडोग्लायकन. प्राण्यांच्या पेशींना नसते. पाणी आणि लहान रेणू तिच्यातून सहज जातात. कोणाला आत घ्यायचे, कोणाला नाही, हे ठरवते ते पटल, म्हणजे पातळ पापुद्रा. डोळ्यावर येणारे ‘पडळ’ याच शब्दातून आले आहे. पाठ्यपुस्तकातले ‘प्रद्रव्यपटल’ आणि ‘पेशीपटल’ एकच.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर लाल कांदा घ्यावा. जांभळट पापुद्र्याचा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरून आच्छादक काच ठेवावी. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवून त्याचा थेंब काचेच्या एका कडेला सोडावा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून आतले पाणी ओढून घ्यावे. काही मिनिटांत जांभळा भाग आकसून आत सरकतो, चौकट मात्र जागच्या जागी राहते. चौकट म्हणजे भित्तिका. आकसलेल्या भागाची कड म्हणजे पटलाची जागा. मधल्या फटीत मिठाचे पाणीच असते, यावरून भित्तिकेने त्याला अडवलेले नाही हे कळते. आयोडीन आधी घालू नये. त्याने पेशी मरते, पटलाचे निवडून आत घेण्याचे काम थांबते आणि आकसणे नीट दिसत नाही. पटल जेमतेम ७ ते १० नॅनोमीटर जाडीचे असते, तर साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत. म्हणून कांद्याच्या आकृतीतल्या ठळक रेघेला ‘पेशीपटल’ असे नाव देणे ही चूकच आहे, आणि ती फार आकृत्यांत दिसते.

औषधांबद्दल लिहिताना तर ही अदलाबदल अर्थच उलटवते. पेनिसिलिन जीवाणूची भित्तिका बांधली जाऊ देत नाही. आपल्या पेशींना भित्तिका नसल्याने तिथे त्याचे हे काम चालत नाही. मायकोप्लाझ्मा या जीवाणूंना भित्तिका नसते, म्हणून त्यांच्यावर पेनिसिलिन लागू पडत नाही. इथे ‘पटल’ लिहिले तर वाचकाला हे कोडे कधीच सुटणार नाही.

‘आवरण’ हा मोघम शब्द आहे. बाहेरून झाकणारे काहीही आवरण असू शकते, त्यामुळे नेमके सांगायचे तिथे तो टाळावा. अपवाद केंद्रकावरणाचा: तिथे दोन पटले आणि त्यांना आरपार छिद्रे असल्याने त्या सगळ्या रचनेला ‘आवरण’ शोभते. बाकी अंगकांच्या, म्हणजे पेशीतल्या छोट्या भागांच्या, बाबतीत पटलच म्हणावे. तंतुकणिकेला (मायटोकॉन्ड्रिया) दोन पटले, रिक्तिकेला (पेशीतली द्रवाची पिशवी) एक. ‘रिक्तिकेची भित्तिका’ असे काही नसते.

गोंधळ बहुधा रक्तवाहिन्यांमुळे होतो. ‘केशवाहिनीची भित्तिका एकाच पेशीच्या जाडीची असते’ हे वाक्य बरोबर आहे, कारण ती भिंत पेशींनी मिळून बनलेली असते. त्याच परिच्छेदात पुढे त्यातल्या एकेका पेशीबद्दल लिहिताना मात्र ‘पटल’च लिहावे.