पेनड्राइव्ह ओळख देतो, पण पुढची कमांड नाकारतो

प्रश्न : लिनक्सवर लिबयूएसबी (यूएसबी उपकरणांशी थेट बोलण्यासाठीची लायब्ररी) वापरून मी पेनड्राइव्हची चाचणी घेणारा प्रोग्रॅम लिहिला आहे. कर्नलचा ड्रायव्हर आधी बाजूला करतो. ‘इन्क्वायरी’ या ओळख विचारणाऱ्या कमांडला उत्तर नीट येते, ‘रीड कपॅसिटी’ ही क्षमता विचारणारी कमांड पाठवली की पाइप एरर येते आणि पुढची प्रत्येक कमांड टाइमआउट होते. हाच ड्राइव्ह एरवी व्यवस्थित चालतो. दोष कुठे शोधावा?

उत्तर : ड्राइव्ह एरवी चालतो आणि इन्क्वायरीला उत्तरही देतो, त्यामुळे केबल, वीजपुरवठा किंवा एन्डपॉइंटचे (डेटाच्या ये-जा मार्गांच्या टोकांचे) पत्ते यांच्यामागे तूर्त लागू नये. नुकत्याच जोडलेल्या ड्राइव्हकडे ‘युनिट अटेन्शन’ (आपली स्थिती बदलल्याची) ही सूचना होस्टला, म्हणजे संगणकाला, कळवायची राहिलेली असते. ती बाकी असतानाही इन्क्वायरी पूर्ण होते, रीड कपॅसिटी मात्र नाकारली जाते; आणि पाठवायला डेटा नसल्यामुळे ड्राइव्ह इन एन्डपॉइंट (संगणकाकडे डेटा आणणारा) स्टॉल करतो, म्हणजे अडवून ठेवतो. तुम्हाला दिसणारी पाइप एरर बहुधा हीच आहे. मास स्टोरेजच्या, म्हणजे यूएसबी साठवण उपकरणांच्या, बल्क-ओन्ली या संवादपद्धतीत हा बिघाड नसून नकार कळवण्याचा रीतसर मार्ग आहे.

खरा घोटाळा त्यानंतर होत असावा. ३१ बाइटांचा कमांड ब्लॉक पाठवल्यावर डेटा येवो वा न येवो, १३ बाइटांचा स्टेटस ब्लॉक वाचल्याशिवाय तो व्यवहार पुरा होत नाही. तो न वाचताच नवी कमांड पाठवली, तर ड्राइव्ह जुना स्टेटस उचलला जाण्याची वाट पाहत राहतो आणि प्रोग्रॅम टाइमआउटपर्यंत अडकतो. म्हणून स्टॉल आल्यावर आधी इन एन्डपॉइंटचा हॉल्ट (अडवलेली अवस्था) काढावा, मग स्टेटस वाचावा आणि त्यातील टॅग (कमांडचा ओळखक्रमांक) आपण पाठवलेल्या टॅगशी जुळतो का, हे पाहावे. स्टेटसचा शेवटचा बाइट १ (कमांड अयशस्वी) असेल, तर लगेच ‘रिक्वेस्ट सेन्स’ ही नकाराचे कारण विचारणारी कमांड पाठवावी. उत्तरात सेन्स की (कारणाचा सांकेतिक आकडा) ६ आली, तर सूचना पोहोचली असे समजून रीड कपॅसिटी पुन्हा पाठवावी. २ आली, तर ड्राइव्ह अजून तयार नाही, तेव्हा थोड्या थोड्या वेळाने ‘टेस्ट युनिट रेडी’ने विचारत राहावे.

स्टेटस दुसऱ्या प्रयत्नातही मिळाला नाही किंवा शेवटचा बाइट २ (व्यवहाराचा क्रम चुकला) आला, तरच मास स्टोरेज रीसेट द्यावा आणि त्यानंतर आधी इनचा, मग आउट एन्डपॉइंटचा (ड्राइव्हकडे डेटा नेणाऱ्या) हॉल्ट काढावा. हा क्रम बदलू नये. अंदाजाने कोड बदलत बसण्यापेक्षा यूएसबीमॉनची (लिनक्सवर यूएसबीची देवाणघेवाण टिपणाऱ्या सोयीची) नोंद वायरशार्क या ती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहावी, असा माझा आग्रह आहे. स्टेटस वाचायचा राहिला असेल, तर तेथे लगेच दिसते.

रीड कपॅसिटीचे उत्तर आले, की आकडे बिग एंडियन (सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी) म्हणून वाचावेत, कमांड ब्लॉकमधील डेटाची लांबी मात्र लिटल एंडियन (उलट क्रमाने) असते. उत्तरातील पहिला आकडा शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक असतो, म्हणून एकूण ब्लॉकांसाठी त्यात १ मिळवावा.